पाला म्हणून हिणवू नका



परवा शिवारफेरी उरकून एका घरी जेवायला बसलो. वहिनींनी तांदुळजाची भाजी वाढली. पोरानं ताट सरकवलं, "मी पालेभाजी खात नाही!" बाप कौतुकानं हसला, "साहेब, आमच्यात पाला गुरांनाच!" वाढणाऱ्या वहिनींना रक्त कमी म्हणून लोहाच्या गोळ्या चालू होत्या आणि परसात शेवगा पानांनी लवलेला!

खरं सांगतो, लहानपणी एका कडू मेथीपायी मीही सगळ्याच पालेभाज्यांवर रुसलो होतो. आईनं वाद घातला नाही. राजगिऱ्याची कोवळी पानं बाजरीच्या थालीपिठात मळली, नि मी दुसरं मागून खाल्लं. एक भाजी नावडली म्हणून सगळा वाफाच उपटायचा का?

शेवग्याच्या पाल्यापासून शरीराला 'अ' जीवनसत्त्व मिळतं. ते फार कमी पडलं तर पोरांना रातांधळेपणा येतो. पण ते अंगी लागायला तेल हवं, तेव्हा फोडणीला अगदीच हात आखडू नका. पाला आधी धुवा, मग चिरा. जेवताना भाजीवर लिंबू पिळा, म्हणजे त्यातलं लोह जास्त अंगी लागतं. जेवणावर लगेच चहा घेतलात, तर तेच लोह अडतं. (ही सवय मोडताना माझीही पंचाईत झाली होती.)

त्या दिवशी मी तांदुळजा दुसऱ्यांदा मागितला. बापानंही संकोचून पळीभर घेतला. पोरगं मात्र त्याच्या ताटाकडे टक लावून बघत होतं.