सुटकेची घाई

"नोकरीत आता राम राहिला नाही, साहेब." वैयक्तिक कर्जाचा अर्ज पुढे सरकवीत पंचविशीतला एक तरुण खातेदार म्हणाला. अर्जावर कारण होते घरदुरुस्तीचे. खातेउतारा मात्र निराळेच सांगत होता. पगार जमा होताच त्यातील मोठा हिस्सा ब्रोकरकडे जात होता आणि परत येणारी रक्कम महिन्यागणिक आटत चालली होती. विषय काढताच तो मोकळा झाला. तीच बस, तेच टेबल, महिनाअखेरीची तीच ओढाताण. वडिलांचे आयुष्य यातच सरले, आपले तसे सरू नये. एकदाच मोठी रक्कम हाती आली की सुटलो!

या असंतोषाला हसणे योग्य नव्हे. उद्याचा दिवस आजच्यापेक्षा बरा असावा, याच आशेने प्रत्येक जण बँकेची पायरी चढतो. प्रश्न असतो तो वाटेचा.

फ्युचर्स आणि ऑप्शन्सची वाट आज असंख्य तरुणांना खुणावते आहे. सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन आर्थिक वर्षांत या व्यवहारांतील सुमारे ९३ टक्के वैयक्तिक व्यापाऱ्यांना तोटा झाला. एकूण तोटा १.८ लाख कोटी रुपयांहून अधिक होता. खर्च वजा जाता एक लाखापेक्षा अधिक नफा मिळविणारे अवघे एक टक्का! तरीही तिशीच्या आतील व्यापाऱ्यांचे प्रमाण एका वर्षात ३१ वरून ४३ टक्क्यांवर गेले.

असे का घडते? ऑप्शन घेताना थोडकी रक्कम द्यावी लागते, म्हणून तो स्वस्त भासतो. परंतु मुदत संपेपर्यंत भाव अपेक्षित पातळीपर्यंत पोहोचला नाही, तर ती सारी रक्कम बुडते. दिशा ओळखली पण वेळ चुकली, तरी पदरी तोटाच. शिवाय समोर असतात बड्या संस्थांच्या अतिवेगवान संगणकीय प्रणाली. शेअर्समधील दीर्घकालीन गुंतवणुकीशी या व्यवहारांची गल्लत करू नये.

त्या तरुणाला आम्ही एवढेच गणित मांडून दाखविले. तीन लाखांचे कर्ज, दरसाल १४ टक्के व्याज, पाच वर्षांची मुदत. मासिक हप्ता सुमारे ६,९८० रुपये. म्हणजे ज्या नोकरीतून सुटायचे, तिलाच साठ महिने बांधून घ्यायचे! उलट हीच रक्कम दरमहा आवर्ती ठेवीत टाकली, तर दीड वर्षात व्याज न धरताही सव्वा लाखाहून अधिक जमतात. महिन्याचा खर्च वीस हजार असणाऱ्याला सहा महिने पुरेल एवढी ही शिदोरी. तिच्या बळावर नवे कौशल्य शिकता येते, दुसरी नोकरी शोधता येते, प्रसंगी 'नाही' म्हणता येते.

कोट्यधीश होण्याची वाट पाहत बसण्यापेक्षा हे स्वातंत्र्य कितीतरी जवळ असते. ते फारसे दिमाखदार नसते इतकेच.

तरुण बराच वेळ त्या आकड्यांकडे पाहत राहिला. मग अर्ज घडी करून खिशात ठेवीत म्हणाला, "दीड वर्ष... तसे फार नाही." त्याचे पुढे काय झाले, हा त्याचा निर्णय. अर्ज मात्र परत आला नाही.