नाच तोच, मोजपट्टी वेगळी

2015 साली सॅन दिएगोत झालेल्या जागतिक हिप हॉप नृत्य स्पर्धेत मुंबईच्या किंग्ज युनायटेड या गटाने कांस्यपदक मिळवलं. मे 2019 मध्ये सुरेश मुकुंद यांच्या याच गटाने 'द किंग्ज' या नावाने अमेरिकेच्या एनबीसी वाहिनीवरच्या 'वर्ल्ड ऑफ डान्स'ची अंतिम फेरी जिंकली. तिन्ही परीक्षकांनी शंभरपैकी शंभर गुण दिले आणि दहा लाख डॉलरचं बक्षीस वसई-नालासोपाऱ्याच्या बाजूने वर आलेल्या या पोरांच्या हाती पडलं. मधल्या काळात गट बदलला, मेहनत वाढली, अंगात सफाई आली, हे सगळं खरं आहे. तरीही एका ठिकाणी तिसरा क्रमांक आणि दुसऱ्या ठिकाणी पैकीच्या पैकी, हा फरक एकट्या मेहनतीने समजत नाही. जागतिक हिप हॉप स्पर्धेत निम्मे गुण सादरीकरणाचे आणि निम्मे कौशल्याचे असतात. एका नाचात किमान तीन स्ट्रीट शैली दिसायला हव्यात. आणि कोणी पडलं, अडखळलं, अंगावरचा कपडा काढून भिरकावला, तर मुख्य परीक्षक वेगळे गुण कापतो. 'वर्ल्ड ऑफ डान्स'मध्ये सादरीकरण, तंत्र, नृत्यरचना, कल्पकता आणि मांडणी असे पाच निकष होते, प्रत्येकाला वीस गुण. पहिल्या ठिकाणी पॉपिंग, लॉकिंग, क्रंप यांची जाण किती पक्की आहे ते तपासलं जातं. दुसऱ्या ठिकाणी चौदा जणांनी मिळून हवेत उडवलेला माणूस किती अचूक झेलला याला भरपूर जागा होती. गेल्या तीसेक वर्षांचा मागोवा घेताना मला हीच गोष्ट सर्वांत महत्त्वाची वाटते: स्पर्धेचा निकाल नाचावर जितका अवलंबून असतो, तितकाच तो मोजपट्टीवर असतो. म्हणून ही मोजपट्टी लेखी, आधी आणि सगळ्यांना सारखी मिळायला हवी. ती नसेल, तर घाटा नेहमी लांबच्या आणि ओळखीपाळखी नसलेल्या नर्तकालाच होतो.

आपल्याकडे ही पट्टी बराच काळ नव्हतीच. 1996 साली सोनी वाहिनीवर 'बूगी वूगी' सुरू झालं. जावेद जाफरी, नावेद जाफरी आणि रवी बहल यांच्या त्या कार्यक्रमाने घराघरातल्या मुलांना सांगितलं की नाचायला शास्त्रीय तालीम नसली तरी चालेल. हे उपकार फार मोठे आहेत. पण तिथलं परीक्षण मुख्यतः रसिकाचं होतं. आवडलं, भिडलं, धमाल आली, अशा भाषेतलं. 2009 मध्ये झी टीव्हीवर 'डान्स इंडिया डान्स' आलं तेव्हा गीता कपूर, टेरेन्स लुईस आणि रेमो डिसूझा यांनी पहिल्यांदा सर्वसामान्य प्रेक्षकासमोर पायाची ठेवण, रेषा, वजनाचा तोल यांची चर्चा केली. मराठीत 'एका पेक्षा एक'मध्ये सचिन पिळगांवकर महागुरूच्या खुर्चीत बसले. चर्चा वाढली, शब्द वाढले. पण शेवटचा कौल प्रेक्षकांच्या मतांवर गेला. मत पाठवणाऱ्याला कारण द्यावं लागत नाही. त्यामुळे हरलेल्या मुलाला आपण कुठे कमी पडलो हे कधी कळलंच नाही. त्याच्या हाती लागलं ते एवढंच, की आपल्या गावाने पुरेसे एसएमएस केले नाहीत.

एकच गट वेगवेगळ्या पट्ट्यांवर कसा मोजला जातो याचं दुसरं उदाहरण व्ही अनबीटेबल या मुंबईच्या गटाचं. 2018 मध्ये 'डान्स प्लस'च्या चौथ्या पर्वात ते लोकांसमोर आले. पुढच्या वर्षी 'अमेरिकाज गॉट टॅलेंट'मध्ये अमेरिकी प्रेक्षकांच्या मतदानात ते चौथे आले. 2020 मध्ये त्याच कार्यक्रमाच्या, गाजलेल्या स्पर्धकांच्या विशेष पर्वात निकाल निवडक चाहत्यांच्या मंडळाकडे होता. तिथे ते पहिले आले. काही महिन्यांत नाच चौथ्यावरून पहिल्यावर पोचला असं कोणी म्हणणार नाही. मोजणारे बदलले होते. या मुलांच्या यशाचं मोल यामुळे तसूभरही कमी होत नाही. ज्या गटाला वेगवेगळ्या पट्ट्यांवर टिकायचं असतं त्याला प्रत्येक पट्टी वेगळी वाचावी लागते, आणि ही वाचण्याची अक्कल मुंबईत आजूबाजूच्या दहा क्रूंकडून, म्हणजे नाचणाऱ्या गटांकडून मिळते. इतर ठिकाणी ती कुठून मिळणार?

हा प्रश्न जबलपूरच्या गोरखपुर भागात उभं राहून विचारला तर अधिक टोचतो. मुंबई तिथून रेल्वेने सुमारे हजार किलोमीटर. जवळची औपचारिक स्पर्धा म्हणजे विद्यापीठाचा युवा उत्सव. राणी दुर्गावती विद्यापीठाची मुलं ज्या युवक महोत्सवांच्या साखळीतून पुढे जातात, तिथे नृत्याच्या रकान्यात शास्त्रीय नृत्य आहे, लोक आणि आदिवासी समूहनृत्य आहे. बुंदेलखंडाची बधाई असो की गोंडांचं सैला, त्यांना तिथे मानाची जागा आहे, आणि ती असायलाच हवी. संगीताच्या रकान्यात पाश्चात्त्य गायनही आहे. पण ज्या मुलाला पॉपिंग येतं किंवा जो डोक्यावर गरगर फिरतो, त्याला अर्जात टिक करायला चौकट नाही. म्हणजे परीक्षकासमोर उभं राहण्याआधीच, कागदावर, तो बाद होतो. उरते ती वाहिनीची चाचणी, मोबाइलवर केलेली चित्रफीत आणि सणासुदीला मोहल्ल्यात किंवा मंडळात होणारी नृत्यस्पर्धा. अशा मंडळांच्या स्पर्धेचा अर्ज पाहिला तर त्यात नाव, वय, एकल की समूह, गाणं कुठलं, ट्रॅक पेन ड्राइव्हवर आणावा, वेळ पाच मिनिटं, आग-पाणी वापरू नये, आणि 'परीक्षकांचा निर्णय अंतिम राहील' इतकं असतं. निर्णय कशावर होणार याची एक ओळ नसते.

स्ट्रीट डान्समध्ये नाच बसवणं म्हणजे सेकंदांचा हिशेब असतो. दोन मिनिटांच्या आसपासच्या नाचात पहिली दहा सेकंदं कुणाच्या, कुठल्या आठ मात्रांवर सगळे एकदम थांबणार, रांग कधी मोडायची, जमिनीवरचं काम आधी की शेवटी, हे ठरवताना प्रत्येक निर्णय कुठला तरी दुसरा निर्णय मारतो. उंच फेक घेतली तर झेलणाऱ्या चौघांचे दोन-चार ताल जातात. त्या तालांत लॉकिंगचा एक स्वच्छ तुकडा बसला असता. शैलींच्या विविधतेला गुण असतील तर तो तुकडा ठेवायचा, श्वास रोखायला लावण्याला गुण असतील तर फेक ठेवायची. निकषच माहीत नसतील तर क्रू काय करतो? दोन्ही कोंबतो. मग कपडे बदलतो, मध्येच देशभक्तीचं गाणं घालतो, शेवटी आईवरचा एखादा संवाद लावतो, कारण मागच्या वर्षी तो चालला होता. आपल्या समूहनृत्यांत दिसणारी ही खिचडी मुलांच्या अभिरुचीतून येते असं मला वाटत नाही. ती अंधारात चाचपडण्यातून येते.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे, आणि तो हलका नाही. हा नाच रस्त्यावर जन्मला. न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्समध्ये गोल करून उभ्या राहिलेल्या पोरांनी त्यातलं ब्रेकिंग घडवलं. त्याला रकान्यात बसवलं की त्याचा जीव जातो, असं जाणकार मंडळी म्हणतात. पण त्या गोलातही निवाडा होताच, आणि कडक होता. फरक इतकाच की तिथे उभा असलेला प्रत्येक जण नाचणारा होता. कुठला डाव चोरलेला, कुठला नवा, कोण तालावर उतरला आणि कोण घसरला, हे सगळ्यांना कळत होतं. निकष बोलले जात नव्हते कारण ते सगळ्यांच्या अंगात होते. नोव्हेंबर 2019 मध्ये मुंबईत रेड बुल बीसी वन या ब्रेकिंग स्पर्धेची जागतिक अंतिम फेरी झाली, त्यात हॉलंडचा मेन्नो आणि रशियाची कास्टेट जिंकले. तिथे पाच परीक्षक समोरासमोरच्या लढतीत थेट एकाकडे कौल देतात, आणि ते चालतं, कारण परीक्षक स्वतः त्या रिंगणात वाढलेले असतात. मंडळाच्या स्पर्धेत परीक्षक म्हणून शास्त्रीय नृत्याच्या बाई, नगरसेवक आणि एखादा मालिकेतला कलाकार बसतो. त्यांच्या हेतूबद्दल शंका घ्यायचं कारण नाही. पण ज्यांच्या अंगात निकष नाहीत, त्यांच्या हातात तरी ते असायला हवेत.

दुसरा आक्षेप ऑगस्ट 2024 नंतर जोराने आला. पॅरिस ऑलिंपिकमध्ये ब्रेकिंग पहिल्यांदाच होतं. नऊ परीक्षक, तंत्र, शब्दसंग्रह, सफाई, संगीताची जाण आणि मौलिकता असे सारख्या वजनाचे पाच निकष, आणि प्रत्येक निकषावर दोघांची एकमेकांशी तुलना. जपानची अमी आणि कॅनडाचा फिल विझार्ड यांनी सुवर्णपदकं घेतली, पण जगाने लक्षात ठेवली ती ऑस्ट्रेलियाची रेगन, जिला तीन लढतींत एकही मत मिळालं नाही. बघा, निकष ठेवून काय झालं, असं लोक म्हणाले. मला यातून नेमकं उलटं दिसतं. परीक्षण तिथे चोख झालं. मौलिकतेला वीस टक्के वजन होतं, तिने काही वेगळं आणायचा प्रयत्न केला हे मुख्य परीक्षक मार्टिन गिलियन यांनी जाहीरपणे मानलं, आणि तरीही इतरांची पातळी वरची होती म्हणून मतं तिकडे गेली. शंका घ्यायचीच तर ती प्रवेशाबद्दल घ्यावी. ओशिनिया खंडाची जागा 2023 च्या ऑक्टोबरमधल्या सिडनीतल्या एका पात्रता स्पर्धेवर ठरली, आणि अशा स्पर्धेत महासंघाची नोंदणी, पासपोर्ट, प्रवासाचा खर्च हे सगळं जमवून जे पोचतात त्यांच्यातूनच निवड होते. दारातून आत कोण आलं हे ठरल्यावर परीक्षक कितीही उत्तम असले तरी आलेल्यांमधूनच निवडणार. गोरखपुरच्या मुलाचं आणि सिडनीच्या एखाद्या उपनगरातल्या मुलाचं दुःख इथे एकच आहे.

तिसरं म्हणणं असं की लेखी निकष आले की सगळे नाच एकसारखे होतात. यात तथ्य आहे, आणि जागतिक स्पर्धांतले मेगाक्रू, म्हणजे मोठ्या गटांचे नाच, ओळीने पाहिले की ते जाणवतंही. पण मराठी माणसाला याचं उत्तर आपल्याच रंगभूमीवर सापडेल. महाराष्ट्राची राज्य नाट्यस्पर्धा 1954 पासून आणि पुण्याचा पुरुषोत्तम करंडक 1963 पासून चालू आहे. दोन्हीकडे अर्ज, संहिता, वेळेची मर्यादा, परीक्षक अशी सगळी शिस्त आहे. त्या शिस्तीतूनच कित्येक पिढ्यांचे वेगवेगळ्या वाटांनी जाणारे लेखक-दिग्दर्शक घडले. वेळेच्या चौकटीने एकांकिका एकसारख्या केल्या नाहीत. उलट त्या मर्यादेतच काहींनी आपला आवाज शोधला. आणि जिथे पट्टी अस्पष्ट राहते तिथे काय होतं तेही याच करंडकाने दाखवलं. 2022 मध्ये परीक्षकांनी एकाही एकांकिकेला करंडकाच्या योग्यतेची मानलं नाही आणि इतिहासात पहिल्यांदा तो मुख्य करंडक कोणालाच मिळाला नाही. परीक्षकांचा तो अधिकारच होता. तरी वादळ उठलं, कारण दर्जाची किमान रेघ कुठे आहे हे स्पर्धकांना आधी ठाऊक नव्हतं. रेघ उंच असण्याला मुलांचा विरोध नव्हता. ती निकालाच्या दिवशी पहिल्यांदा दिसली, याचा राग होता.

निकष आधी जाहीर करायला फार पैसा लागतो असंही नाही. प्रवेश अर्जाच्या मागच्या बाजूला निकष आणि त्यांचं वजन छापायला काही खर्च येत नाही. कौशल्य आणि सादरीकरण वेगवेगळ्या माणसांनी मोजावं, ही जागतिक हिप हॉप स्पर्धेची पद्धत मोहल्ल्यातही चालेल: नृत्याच्या बाईंनी तालाची आणि सफाईची पट्टी सांभाळावी, नाटकातल्या माणसाने मांडणीची, आणि एक खुर्ची स्वतः हा नाच करणाऱ्यासाठी असावी, मग तो बावीस वर्षांचा का असेना. पुण्याची सौम्या कांबळे 'इंडियाज बेस्ट डान्सर'चं दुसरं पर्व जिंकली आणि पुण्याचाच समर्पण लामा तिसरं; या वयाच्या मुलांना परीक्षकाच्या खुर्चीत बसवायला आपण बिचकतो, पण ज्ञान आज त्यांच्याकडेच आहे. आणि निकालानंतर प्रत्येक गटाला त्याची स्वतःची गुणपत्रिका मिळावी. ब्रेकिंगला लॉस एंजेलिसच्या 2028 ऑलिंपिकमध्ये जागा नाही, तेव्हा वरून काही बदल झिरपत येईल याची वाट पाहण्यात अर्थ नाही. विद्यापीठाच्या युवा उत्सवाच्या नियमपत्रिकेत नृत्याखाली आणखी एक विधा वाढवणं, आणि तिच्याखाली चार ओळींत तिचे निकष लिहिणं, एवढं जबलपुरातच होऊ शकतं.