मस्टँगचे दोन तुकडे!

‘अरे, इंजिनाचे दोन तुकडे झाले!’ कॉलेजच्या मित्राचा डेट्रॉइटहून रात्री अडीचला फोन. मला वाटलं, नेहमीसारखा फेकतोय. मग फोटो आले. खरंच की! व्ही-एट इंजिनाच्या ब्लॉकला वरपासून थेट खाली क्रँकशाफ्टपर्यंत उभी चीर.

साहेब आठवडाभर ऑफिसात क्यूबिकलमध्ये आणि वीकएंडला ड्रॅग स्ट्रिपवर. ड्रॅग रेसिंगचा फंडा सोपा. सरळ रस्ता, दोन गाड्या, हिरवा दिवा, ४०२ मीटर, खेळ खल्लास. त्याची गाडी १९९० ची फोर्ड मस्टँग, इंजिन ३०२ क्युबिक इंच, म्हणजे आपल्या भाषेत जेमतेम ५ लिटर. फॅक्टरीतून २२५ हॉर्सपॉवर घेऊन आलेलं. याने सुपरचार्जर बसवला, हेड बदलले, कॅमशाफ्ट बदलला. ताकद दुपटीच्या वर. ब्लॉक मात्र तोच!

आणि इथेच मेख आहे. या ३०२ चा ब्लॉक हलका, भिंती पातळ. ५०० हॉर्सपॉवरच्या पुढे गेलात की तो कधी उभा फाटेल याचा नेम नाही, हे तिकडच्या प्रत्येक फोर्डवेड्याला पाठ असतं. माझ्या मित्रालाही होतं. ‘माझा टिकेल’ असं प्रत्येकालाच वाटतं ना! फाटला तेव्हा गाडी फिनिश लाइनजवळ होती. सगळं ऑइल मागच्या टायरखाली. गाडी भिंतीला चाटली नाही हे नशीब.

आता पर्याय काय? भंगारात दुसरा ३०२ स्वस्तात मिळतो. पण ताकद तीच ठेवली तर तोही तिथेच फाटणार. क्रँकशाफ्टला धरून ठेवणाऱ्या मेन कॅप्सना खालून जाड पट्टी बांधायचा एक जुगाड असतो. कॅप्स हलत नाहीत, पण चीर जाते ब्लॉकमधून, त्याला पट्टी काय करणार? म्हणून आफ्टरमार्केट ब्लॉक. किंमत काही हजार डॉलर. आणि गंमत म्हणजे तो बसवून एक हॉर्सपॉवरही वाढत नाही! घरी हे समजावताना त्याची काय हालत झाली असेल, विचार करा. डाउन पेमेंटचे पैसे होते ते.

पहिला प्रश्न लोखंड की अॅल्युमिनियम. अॅल्युमिनियमचा ब्लॉक वजनाला साधारण निम्मा, शिवाय बिघडला तर स्लीव्ह बदलता येते, वेल्डिंग होतं. पण महाग. लोखंड ताठ असतं, दाबाखाली सिलिंडर गोल राहतो, रिंग्ज नीट बसतात. सुपरचार्जरवाल्या, पगारावर जगणाऱ्या माणसाने लोखंड घ्यावं, असं माझंही मत झालं. (मास कॉमवालीचं मत कोण विचारतो, पण असो!)

मग बघायच्या कॅप्स. मूळ ब्लॉकमध्ये प्रत्येकीला दोनच बोल्ट, नव्यात चार. ऑइलची वाटही बघायची, आधी मेन बेअरिंगला मिळायला हवं, बाकीच्यांनी नंतर घ्यावं. तिसरं म्हणजे बोअर. मूळ बोअर ४ इंच. जाड भिंतींच्या ब्लॉकमध्ये ४.१२५ पर्यंत जाता येतं आणि ३.४ इंचाचा स्ट्रोक घातला की त्याच उंचीत ३६३ क्युबिक इंच, म्हणजे जवळजवळ ६ लिटर! उंची तीच हवी, नाहीतर इनटेक मॅनिफोल्डपासून सगळं नवं घ्या. आणि हो, तुमच्या क्लासचं रूलबुक आधी वाचा. काही क्लासमध्ये फॅक्टरीचाच ब्लॉक लागतो.

टॉप फ्युएलवाल्यांचं जग वेगळं. २००८ पासून ते १००० फूटच धावतात, तेही चार सेकंदांच्या आत. त्यांच्या अॅल्युमिनियम ब्लॉकमध्ये पाणी फिरायला वाटच नसते. गरम व्हायला वेळ कुठाय?

मित्राने लोखंडी, ४.१२५ वाला घेतला. नवा आहे म्हणून थेट बसवला असं होत नाही. हेड बसवल्यावर जसा ताण येतो तसा यावा म्हणून वर जाड प्लेट कसून मगच सिलिंडर होन करतात. त्यामुळे ब्लॉक महिनाभर मशीन शॉपमध्ये पडून. या सीझनचं रेसिंग गेलं. सुपरचार्जरची पुली आणखी लहान करायची, म्हणजे बूस्ट वाढेल, असं त्याच्या मनात आहे. घरी अजून बोललेला नाही.