उन्हातला कारोबार आणि हलके सनस्क्रीन

देगलूरच्या बाजारात मे महिन्यात भर दुपारी उभे राहिले तर माणसाची सावली त्याच्या पायाखालीच गोळा होते. आपले गाव साधारण साडेअठरा अक्षांशावर असल्याने मेच्या मध्याला आणि पुन्हा जुलैच्या अखेरीस सूर्य अगदी डोक्यावर येतो. अशा उन्हात हातगाडा लावणारे बागवान बंधू, स्लॅबवर उभे राहणारे सेंट्रिंगचे कारागीर, मोटारसायकलला गाठोडे बांधून मदनूर-औरादकडे कापड विकायला जाणारे फेरीवाले दिवस काढतात. सनस्क्रीन लावा असे त्यांना कुणी सांगितले तर ते हसतात. ही बायकांची, त्यातही शहरातल्या बायकांची वस्तू असा समज आहे. आम्हीही काही वर्षांपूर्वी असेच हसलो होतो.

उन्हात दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एक उष्णता, जी आपल्याला जाणवते. दुसरी अतिनील किरणे, जी जाणवत नाहीत. या किरणांतला यूव्हीबी हा प्रकार कातडी भाजतो, तर यूव्हीए हा प्रकार खोलवर जाऊन चेहरा काळवंडवतो आणि सुरकुत्या आणतो. यूव्हीए काचेतून आणि पातळ ढगांतूनही येतो. नांदेड-हैदराबाद रस्त्यावर वर्षानुवर्षे ट्रक चालवणाऱ्या ड्रायव्हरचे दोन्ही हात शेजारी ठेवून पाहा. खिडकीकडचा उजवा हात बहुधा अधिक काळा दिसेल. आपल्या सावळ्या कातडीला निसर्गाने थोडे संरक्षण दिले आहे, पण ते पुरे नाही. गालावर आणि कपाळावर वांग येते, ते उन्हाने वाढते आणि एकदा आले की लवकर जात नाही.

सनस्क्रीन उष्माघातापासून वाचवत नाही, हे आधीच सांगून ठेवतो. त्याला सावली, पाणी आणि दुपारची विश्रांतीच हवी. किरणांपासूनही पहिले संरक्षण कपड्याचे. पूर्ण बाहीचा दाट विणीचा सदरा, मानेवर रुमाल आणि रुंद कडेची टोपी एवढे केले तर उघडे राहतात ते चेहरा, कान, हातांची पाठ आणि चपलेतले पाय. एवढ्यापुरतेच सनस्क्रीन लागते, म्हणजे खर्चही तेवढाच. आपली सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड झाली की किरणे कडक झाली असे समजावे. घड्याळापेक्षा ही खूण सोपी.

आता डब्यावरचे आकडे. एसपीएफ हा आकडा यूव्हीबीपुरता आहे. १५ आकड्याचे सनस्क्रीन नीट लावले तर शंभरातली सुमारे ९३ किरणे अडतात, ३० चे सुमारे ९७ आणि ५० चे ९८. म्हणजे ३० वरून ५० वर गेल्याने शंभरात एकाचा फरक. यूव्हीएसाठी ‘ब्रॉड स्पेक्ट्रम’ हे शब्द किंवा ‘पीए’ पुढची अधिकची चिन्हे पाहावीत; तीन किंवा चार असली तर उत्तम. निव्वळ मोठा एसपीएफ पाहून पैसे मोजणारा गिऱ्हाईक अर्धाच माल विकत घेतो.

खरी फसगत पुढे आहे. हे आकडे प्रयोगशाळेत दर चौरस सेंटिमीटरला २ मिलिग्रॅम इतका जाड थर लावून काढतात. घरी आपण त्याच्या निम्मेही लावत नाही, मग ५० चा आकडा ५० राहत नाही, फारच खाली येतो. चेहरा आणि मान यांना तर्जनी आणि मधले बोट यांच्या लांबीइतक्या दोन रेघा, म्हणजे साधारण एक ग्रॅम लागते. दिवसातून दोनदा लावले तर ५० ग्रॅमची नळी २५ दिवसांत संपली पाहिजे. आमच्या ओळखीच्या एका गृहस्थांनी मोठ्या अभिमानाने सांगितले की त्यांची नळी सहा महिने पुरली. त्यांनी पैसे वाचवले नाहीत, वाया घालवले.

हलके सनस्क्रीन घ्यावे ते याचसाठी. जाड, तेलकट क्रीम घामात ओघळून डोळ्यांत झोंबते, वर पांढरे पुटही दिसते. मग माणूस चिमूटभर लावतो किंवा चार दिवसांत सोडून देतो. झिंक ऑक्साइड आणि टिटॅनियम डायऑक्साइड ही पांढरी द्रव्ये रंगारी बंधूंना नवी नाहीत; भिंतीच्या रंगात तीच असतात. नाजूक कातडीला ती मानवतात, पण सावळ्या रंगावर पांढुरकी दिसतात. घाम फार येणाऱ्यांना जेल किंवा पातळ लोशन बरे, कोरड्या कातडीला लोशन. चेहऱ्याचे आणि अंगाचे सनस्क्रीन यांत मूळ संरक्षण सारखेच असते. फरक तेलाचा आणि सुगंधाचा. म्हणून चेहऱ्यासाठी लहान हलकी नळी आणि हातापायांसाठी दर ग्रॅमला स्वस्त पडणारी मोठी बाटली घेणे हिशोबाचे. आधी लहान पॅक घ्या, एका गालावर लावून अर्धा दिवस काम करा. झोंबले, खाज आली तर ते आपले नव्हे.

उन्हात असताना दर दोन तासांनी पुन्हा लावावे लागते. वजूच्या वेळी चेहरा आणि हात धुतले जातातच, तेव्हा जोहर आणि असर नंतर पुन्हा लावण्याची सवय लागायला सोपी. पाण्यात टिकणारे म्हणून विकले जाणारे प्रकार घाम गाळणाऱ्या गवंड्यांना उपयोगी, पण ते पाणी रोखणारा थर धरतात. त्यावर वजूचे पाणी पोहोचते का, हे आलिमांना विचारावे. तो निवाडा आमचा नाही. साधे जेल साबणाने निघते, ते आधी धुऊन मग वजू केली तर प्रश्नच उरत नाही. काही जेलमध्ये अल्कोहोल असते, ज्यांना ते टाळायचे आहे त्यांनी घटकांची यादी वाचून घ्यावी.

वेल्डिंग करणाऱ्या भावांना वेगळे सांगणे आहे. वेल्डिंगच्या ठिणगीतूनही कडक अतिनील किरणे निघतात आणि गळा, मनगट भाजते. तिथे सनस्क्रीनवर विसंबू नये. शील्ड, हातमोजे आणि गळाबंद कपडा यांना पर्याय नाही.

शेवटी कटलरी आणि जनरल स्टोअरवाल्या बंधूंसाठी. सनस्क्रीन आपल्या कायद्यात सौंदर्यप्रसाधन आहे. डब्यावर परवाना क्रमांक, बॅच नंबर, मुदत आणि उत्पादकाचा पत्ता नसेल तर माल घेऊ नका, पक्के बिल मागा. ‘गोरे करणारी’ म्हणून येणारी बिननावाची क्रीम सनस्क्रीनच्या शेजारी ठेवू नका. अशा क्रीमांतल्या पाऱ्याने मूत्रपिंडे बिघडल्याची प्रकरणे २०२३ मध्ये केरळात उघडकीस आली. आणि पश्चिमेकडच्या काचेच्या शोकेसमध्ये, जिथे दुपारभर ऊन पडते, तिथे या नळ्या मांडू नका; उष्णतेने आतला माल फुटून पाणी आणि तेल वेगळे होते, आणि गिऱ्हाईक परत येते ते भांडायला.