नळी म्हणजे तोंड नव्हे

पक्षाघात झालेलं माणूस घाटी रुग्णालयातून नाहीतर गारखेड्याच्या हेडगेवार रुग्णालयातून सुट्टी होऊन पुंडलिकनगरच्या घरी येतं, तेव्हा कधी कधी नाकात नळी असते आणि पिशवीत पाच-सहा पट्ट्या गोळ्या. मग खलबत्ता निघतो. सगळ्या गोळ्या एकदम कुटायच्या, नाचणीच्या पेजेत कालवायच्या आणि नळीतून सोडायच्या. शेवटी पोटातच जायचंय ना!

जायचंय पोटातच, पण वाट किती अरुंद आहे ते बघा. 14 नंबरची राइल्स ट्यूब, म्हणजे हीच नाकातली नळी, बाहेरून मोजली तरी जाडीला 5 मिलिमीटरही भरत नाही. आतली पोकळी त्याहून कमी. पेजेत कालवलेली पूड तिथं थर धरते. शिवाय पेज अर्धीच गेली तर औषध किती गेलं, कोण सांगणार? म्हणून आधी 15 ते 30 मिलिलिटर पाणी, मग एकेक औषध वेगवेगळं पाण्यात विरघळवून, दोन औषधांच्या मध्ये साधारण 10 मिलिलिटर पाणी आणि शेवटी पुन्हा 15 ते 30. हृदयाच्या किंवा किडनीच्या रुग्णाला पाणी मोजून असेल, तर हेही त्या हिशेबात धरायचं. आपल्या शहरात नळाचं पाणी साठवून वापरायची सवयच आहे. नळीसाठी मात्र उकळून गार केलेलंच घ्या.

कुटण्याचा गैरसमज सगळ्यात महागात पडतो. पट्टीवर नावापुढे एसआर, एक्सआर, सीआर किंवा ईआर दिसलं, तर ती गोळी औषध हळूहळू सोडण्यासाठी बनवलेली आहे. ती कुटली की दिवसभराचा डोस एकदम अंगात जातो. गोळी रक्तदाबाची असेल तर दाब धाडकन खाली येऊ शकतो. पॅन्टोप्राझोलच्या गोळीवरचं आवरण तर औषध जठरातल्या आम्लापासून वाचावं म्हणूनच असतं. ते फोडलं की औषध आतड्यापर्यंत पोचायच्या आधीच नासतं. कॅप्सूलमधले बारीक दाणे कुटायचे नसतात, आणि तसेच सोडले तर नळीत अडकतात. कॅन्सरवरच्या गोळ्या घरी कुटूच नयेत, त्यांची धूळ कुटणाऱ्याच्याच नाकात जाते. तेव्हा डॉक्टरांना सरळ विचारा: ‘नळी आहे, याच औषधाचं पातळ रूप मिळेल का?’

आता पातळ म्हटलं की निर्धास्त, असंही नाही. बऱ्याच सिरपमध्ये सॉर्बिटॉल असतं, त्यानं जुलाब होतात आणि दोष बिचाऱ्या पेजेला जातो. घट्ट सिरप डॉक्टरांना विचारून पातळ करावं. फिट्सवरचं फेनिटॉइन अन्नाबरोबर दिलं तर अंगी कमी लागतं. त्याच्या आधी आणि नंतर एक-दोन तास अन्न थांबवायला सांगतात, ते वेळापत्रक डॉक्टरांकडूनच लिहून घ्या. आणि पोट साफ होत नाही म्हणून इसबगोल? नळीतून कधीच नाही. पाणी लागताच ते फुगतं आणि नळीला बूच बसतं.

बूच बसलंच तर कोणी कोल्ड्रिंक ओता म्हणतं. पण त्यातल्या आम्लानं दुधातली प्रथिनं आणखी गोठतात. कोमट पाणी 50 मिलिलिटरच्या सिरिंजनं हलक्या हातानं आत-बाहेर करावं. छोट्या सिरिंजचा दाब जास्त पडतो, नळी फाटू शकते. तार घालायची तर अजिबात नाही. दहा-पंधरा मिनिटांत सुटलं नाही तर दवाखाना गाठायचा.

‘हवा मारली, पोटात गुडगुड ऐकू आली, म्हणजे नळी जागेवर आहे.’ हा भरवसाही खोटा. नळी फुप्फुसात गेलेली असली तरी असा आवाज येऊ शकतो. ब्रिटनच्या रुग्णसुरक्षा यंत्रणेनं 2005 सालीच या तपासणीवर विसंबू नका असं बजावलं होतं. घरी निदान एवढं करा: नळी घातल्यावर नाकपुडीजवळ केलेली खूण दर वेळी बघा. खूण सरकली असेल, रुग्णाला ठसका लागत असेल किंवा श्वास अडत असेल, तर पाण्याचा थेंबही सोडू नका. एरवीही डोक्याकडची बाजू 30 ते 45 अंश उंच ठेवून द्यायचं आणि नंतर निदान अर्धा तास माणसाला आडवं करायचं नाही, मग तो कितीही ‘झोपू दे रे’ अशी खूण करो.