घरचीच तर माणसं!

भाजीवाल्याला घाबरलो आणि मित्रांना मिठ्या मारल्या... कोविडच्या काळात आपलं रिस्कचं गणित नेमकं कुठे चुकलं?

मार्च २०२१. मावसबहिणीचं केळवण. कोथरूडमधला टू बीएचके, अकरा माणसं, पुरणपोळी, कटाची आमटी. बाहेर ऊन मी म्हणत होतं, म्हणून खिडक्या बंद आणि एसी फुल्ल! दारातच मावशीने प्रत्येकाच्या हातावर सॅनिटायझर ओतलं, चपला जिन्यात काढायला लावल्या. आत आल्यावर मात्र सगळ्यांचे मास्क पर्समध्ये आणि खिशात गेले.

"मास्क ठेवूया का गं?" मी सहज विचारलं.

"अगं, घरचीच तर माणसं!" मावशी म्हणाली.

विषय संपला. पुढचे तीन तास गप्पा, चेष्टामस्करी, उखाण्यांची प्रॅक्टिस...

पाचव्या दिवशी बाबांना ताप आला. आठवडाभरात अकरापैकी सात जण पॉझिटिव्ह! बाबा नऊ दिवस ऑक्सिजनवर होते आणि मी फोनच्या स्क्रीनवर त्यांचा श्वास मोजत होते. ते घरी आले, हे आमचं नशीब. पण दर रविवारी न थांबता पर्वती चढणारा हा माणूस आज मध्ये दोनदा बसतो.

नोटांना इस्त्री!

आता त्याआधीचं वर्ष आठवा. आमच्या कॉलनीबाहेर हातगाडी लावणारे भाजीवाले काका. मी लांबूनच पिशवी पुढे करायचे, पैसे ट्रेमध्ये ठेवायचे, परत आलेल्या नोटांवर चक्क इस्त्री फिरवायचे! कोथिंबीर सोड्याच्या पाण्यात अर्धा तास. तुम्हीही यातलं काहीतरी केलंच असणार. खरं सांगा!

काका उघड्यावर उभे, तोंडाला उपरणं, व्यवहार दोन मिनिटांचा. म्हणजे त्या दिवसांत मला भेटणाऱ्या सगळ्यात सेफ माणसांपैकी ते एक होते. आणि मी सगळ्यात जास्त घाबरले त्यांनाच.

तसे आम्ही पुणेकर या विषयात सीनियर. भारतातला स्वाइन फ्लूचा पहिला मृत्यू ३ ऑगस्ट २००९ला पुण्यातच झाला. शाळा, मॉल, मल्टिप्लेक्स बंद झाले, शहरभर मास्क दिसायला लागले. मी तेव्हा शाळेत होते. आजीने रुमालात कापूर-वेलदोड्याची पुरचुंडी बांधून दिली होती. सुट्टी लागल्याबरोबर आम्ही आठ मैत्रिणी एकीच्या बेडरूममध्ये दार लावून पत्ते खेळत बसलो. कारण? मैत्रिणीच तर होत्या! म्हणजे माझा गोंधळ फार जुना आहे.

ठेच्याचा फॉर्म्युला

गोंधळाला फक्त आपणच जबाबदार होतो असं नाही. २८ मार्च २०२० रोजी जागतिक आरोग्य संघटनेनेच ट्वीट केलं होतं की, कोविड हवेतून पसरत नाही. पुढे पुरावे साठत गेले आणि ही भूमिका बदलावी लागली. याउलट अमेरिकेच्या सीडीसीने एप्रिल २०२१मध्ये सांगितलं की, दूषित वस्तूला एकदा हात लागून कोविड होण्याची शक्यता साधारणपणे दहा हजारांत एकाहून कमी आहे. आमची इस्त्री फुकट गेली!

मग 'दो गज की दूरी'चं काय? ती खोटी नव्हती, अपुरी होती. शिंकताना, खोकताना उडणारे मोठे थेंब काही फुटांत खाली पडतात. पण बोलताना, नुसता श्वास सोडतानाही अतिसूक्ष्म कण बाहेर पडतात आणि बंद खोलीत ते बराच वेळ तरंगत राहतात.

नाही पटत? आई तव्यावर ठेच्यासाठी मिरच्या भाजते, तो सीन आठवा. तव्याजवळ ठसका जास्त लागतो हे खरं, पण दहा मिनिटांत हॉलमध्ये बसलेले बाबाही खोकायला लागतात. तिथे सहा फुटांचा काय उपयोग? खिडकी उघडली, पंखा लावला, की सुटका. व्हायरसचा फंडा बराचसा असाच आहे. फक्त त्याला वास नाही.

१० मार्च २०२० रोजी अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात स्कॅजिट काउंटीमध्ये एका गायनवृंदाची अडीच तास तालीम झाली. ६१ जण हजर होते, त्यातल्या एकाला लक्षणं होती. नंतर आणखी ५२ जण आजारी पडले, दोघं गेले. बंद जागा, खूप वेळ आणि मोकळा गळा. आमच्या केळवणात यातलं काय नव्हतं, सांगा!

मीसुद्धा असू शकते

केळवणाच्या तीन दिवस आधी मी मैत्रिणींबरोबर एका कॅफेत दोन तास बसले होते. त्यातल्या एकीला नंतर ताप आला. मी ठणठणीत होते. माझी टेस्टही बाबांच्या नंतर झाली. आता माहीत आहे की, लक्षणं दिसायच्या एक-दोन दिवस आधीपासून माणूस संसर्ग पसरवू शकतो, आणि काहींना लक्षणं येतच नाहीत. आमच्याकडे व्हायरस कोणी आणला, ते आजपर्यंत कळलेलं नाही. मीसुद्धा असू शकते. बाबांनी हा विषय कधीच काढला नाही. मीही नाही.

खरा प्रॉब्लेम हाच आहे. अनोळखी माणसापासून लांब राहायला काहीच लागत नाही. आपल्या माणसाला 'मास्क लाव' म्हणणं म्हणजे त्याच्यावर संशय घेतल्यासारखं वाटतं. म्हणून आपण रिस्क मोजतो ओळखीवर, आणि व्हायरसला ओळखपाळख कळत नाही!

चार प्रश्नांचा फंडा

महाराष्ट्रातले निर्बंध २ एप्रिल २०२२च्या गुढीपाडव्याला उठले. ५ मे २०२३ला जागतिक आणीबाणी संपल्याचंही जाहीर झालं. पण कोविड संपलेला नाही, फ्लू तर दरवर्षी येतो, आणि ऑफिसच्या मीटिंग रूमला खिडकी नाही ती नाहीच. म्हणून कुठेही जाताना मी स्वतःला चार प्रश्न विचारते:

• हवा कशी आहे? गच्ची, बाल्कनी बेस्ट. बंद एसी खोली वर्स्ट.
• किती वेळ? लिफ्टमधलं एक मिनिट वेगळं, दोन तासांचं प्रेझेंटेशन वेगळं.
• किती जण, आणि काय चाललंय? गप्प बसणं, गप्पा मारणं, गाणं, अशी रिस्क वाढत जाते.
• घरी कोण आहे? माझ्यासाठी साधी सर्दी असेल. बाबांसाठी नसेल.

दोन उत्तरं वाईट आली, तर एन-९५ लावायचा किंवा खिडकी उघडायची. आणि स्वतःला ताप-खोकला असेल तर सरळ घरी बसायचं. ऑफिस तुमच्याविना एक दिवस चालतं, बॉस!

गेल्या महिन्यात मावशीने जेवायला बोलावलं. मला सर्दी झाली होती, म्हणून फोन करून 'येत नाही' म्हटलं.

"अगं, घरचीच तर..." मावशी बोलता बोलता थांबली. मग म्हणाली, "बरी झालीस की ये. गच्चीवर सतरंजी टाकू."