मालगाडीच्या चालकाची झोप

भुसावळ हे जळगाव जिल्ह्यातील मोठे रेल्वे जंक्शन. मुंबईकडून येणारा मार्ग येथे फुटून नागपूर आणि खंडव्याकडे जातो. येथील मेल-एक्सप्रेसचा लोको पायलट, म्हणजे चालक, वेळापत्रकाने चालतो. मालगाडीला मात्र तसे निश्चित वेळापत्रक नसते. त्यामुळे लॉबीतून, म्हणजे चालकांना ड्यूटी देणाऱ्या कार्यालयातून, बोलावणे दुपारी दोनला येते, तसेच मध्यरात्रीही.

रेल्वे अधिनियम 1989 आणि कामाचे तास व विश्रांतीसंबंधीचे 2005 चे नियम यांनी या अनिश्चिततेला मर्यादा घातली आहे. आठ तास किंवा त्याहून अधिक ड्यूटी झाली, तर मुख्यालयात, म्हणजे चालकाच्या नेमणुकीच्या ठिकाणी, साधारणपणे 16 तास विश्रांती मिळते. बाहेरगावी रनिंग रूममध्ये, म्हणजे चालकांच्या विश्रांतिगृहात, ती बरीच कमी असते. शिवाय महिन्यात सलग 30 तासांच्या चार किंवा 22 तासांच्या पाच सुट्या द्याव्या लागतात आणि प्रत्येकीत एक पूर्ण रात्र असावी लागते.

ही ‘पूर्ण रात्र’च नियमातली सर्वांत शहाणी अट म्हणावी लागेल. शरीराचे घड्याळ पहाटे तीन ते पाचच्या सुमारास सर्वाधिक सुस्त असते आणि दिवसाची झोप उथळ, तुटक होते. खानदेशातल्या मे महिन्यात पत्र्याच्या घरात ती किती लागेल, हे वेगळे सांगायला नको. इंजिनातील दक्षता यंत्र चालकाची हालचाल थांबल्यास इशारा देते आणि प्रतिसाद न मिळाल्यास ब्रेक लावते. थकवा मात्र त्याने उतरत नाही.

30 तासांच्या सुटीत मुख्यालयातील 16 तास धरायचे की वेगळे द्यायचे, हा चालक संघटनांचा जुना वाद आहे. त्यांची मागणी एकूण 46 तासांची आहे.